‘पालक सहकार्य करत नाहीत’

(सहायकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण)



दर वर्षी या मेळाव्यात मी उभी राहते तेव्हा माझ्या हातात आकड्यांचा कागद असतो. वसतिगृहात मुली किती, दहावीला पास किती, पाड्यांवर भेटी किती. तो अहवाल छापून तुमच्या खुर्च्यांवर ठेवला आहे. जेवणानंतर सावकाश वाचा आणि जिथं शंका येईल तिथं मला धरा. आता मिळालेल्या वेळात मी एकाच विद्यार्थिनीच्या सहा आठवड्यांविषयी बोलणार आहे. ती तुमच्या दानातून शिकलेली मुलगी आहे. तिच्याविषयी बोलताना मला माझी स्वतःची एक चूकही तुमच्यापुढे ठेवायची आहे. ती आजवर कुठल्याच अहवालात आली नाही, कारण ती चूक आहे हेच मला कळलं नव्हतं.

ही मुलगी पाचवीत आमच्या वसतिगृहात आली. धडगावच्या पुढं, डोंगराच्या पलीकडच्या पाड्यावरची, पावरा समाजाची. दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जायचे ते होळीला परतायचे. तुम्ही सातपुड्यात आला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, पावरा माणूस कुठंही असो, होळीला तो घरी येतो. पहिल्या वर्षी ती वर्गात एक शब्द बोलली नाही. घरी पावरी, शाळेत मराठी. शिक्षकांना वाटलं मुलगी मंद आहे. ती मंद नव्हती, ती नुसती ऐकत होती. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

बारावीनंतर ती फिजिओथेरपीला गेली. आपल्याकडं फिजिओथेरपी म्हटलं की गुडघेदुखीचा शेक एवढंच डोळ्यांपुढं येतं. तिचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. या सहा महिन्यांत विद्यार्थी वेगवेगळ्या विभागांत काम करतात. हाडांचे रुग्ण, अर्धांगवायूचे रुग्ण, छातीचे रुग्ण. त्यातले सहा आठवडे तिला नाशिकच्या एका बालोपचार केंद्रात मिळाले. डिसेंबरात मला तिकडं एका प्रशिक्षणाला जायचं होतं. तिनं फोनवर सांगितलं, “ताई, एक दिवस येऊन कोपऱ्यात बसा. मी काय करते ते मला सांगून जमत नाही.” मी दोन दिवस बसले.

खोली मोठी आहे. जमिनीवर निळ्या गाद्या, एका भिंतीला पूर्ण आरसा, धरून चालायला दोन समांतर दांडे, मोठाले रबरी चेंडू. एका बाजूला लाकडी पायऱ्या आहेत, तीन चढायच्या आणि तीन उतरायच्या, त्या कुठंच जात नाहीत. पण त्यांच्यावर एक पोर रोज सकाळी घाम गाळतं. बाहेर बाकावर आया बसलेल्या. काही बाप, काही आज्या. कुणाच्या मांडीवर सहा महिन्यांचं बाळ, कुणाच्या मांडीवर सात वर्षांचं.

तिथं येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना सेरेब्रल पाल्सी असते. हा शब्द आपल्या मंडळीत सर्वांना कळावा म्हणून थोडं थांबते. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं, जन्मताना वेळेवर रडलं नाही, जन्मानंतरची कावीळ फार चढली, लहानपणी मेंदूज्वर झाला, अशा कारणांनी वाढत्या मेंदूला इजा होते. इजा एकदाच होते, ती पुढं वाढत नाही. पण मूल वाढतं. मेंदूकडून स्नायूंना नीट हुकूम जात नाही, म्हणून काही स्नायू सतत आखडलेले राहतात. पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, टाचा उचललेल्या राहतात, मूठ उघडत नाही. हाडं वाढतात, आखडलेले स्नायू त्या मानानं वाढत नाहीत, आणि वर्षानुवर्षं काही केलं नाही तर सांधे तसेच वाकडे पक्के होतात. हा संसर्ग नाही. हे कुणाच्या नजरेनं होत नाही. गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणूनही होत नाही. पुष्कळ मुलांची बुद्धी चांगली असते, फक्त ती बोलून दाखवता येत नाही.

पहिले दोन आठवडे आमच्या विद्यार्थिनीचं काम फक्त लिहिण्याचं होतं. बाळ जन्मताना रडलं का? मान कधी धरली? पालथं कधी पडलं? आधाराशिवाय कधी बसलं? तिच्या वहीची पानंच्या पानं या प्रश्नांनी भरलेली मी पाहिली. तिला वाटायचं, आपण उपचार शिकायला आलो की कारकुनी करायला? तिसऱ्या आठवड्यात तिच्या हाती पहिलं मूल दिलं, तेव्हा तिनं पुस्तकाप्रमाणं त्याचा पाय ताणायला घेतला. ते किंचाळलं. नंतर चार दिवस ती खोलीत दिसली की ते पोर आईच्या पदरात तोंड लपवायचं. तिथल्या ज्येष्ठ मॅडम तिला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “उद्यापासून तू त्याच्याशी फक्त खेळ. त्यानं आपणहून तुझ्या हाताला हात लावला की मला सांग.” त्याला पाच दिवस लागले.

दुसरी चूक याहून मोठी होती आणि ती मला तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. एका बापानं तिला जिन्यात गाठून विचारलं, “मुलगा चालेल ना हो?” तिला त्याची दया आली. ती म्हणाली, “चालेल.” ही गोष्ट मॅडमच्या कानावर गेली. त्यांनी विचारलं, “कशाच्या जोरावर सांगितलंस? तपासलंस का?” मग त्यांनी समजावलं, की दोन वर्षांपर्यंत स्वतः बसायला लागलेलं मूल पुढं चालण्याची शक्यता चांगली असते, पण प्रत्येक मूल वेगळं, आणि या मुलाची मानच अजून स्थिर नाही. “खोटी आशा दिलीस तर हा माणूस जमीन विकून दहा ठिकाणी फिरेल. आशाच नाही म्हणालीस तर उद्यापासून येणार नाही. म्हणून पुढच्या एका महिन्यात काय जमू शकेल तेवढंच सांगायचं. मान दहा सेकंद धरेल. हातात वाटी धरेल. ते झालं की पुढचं.”

हे ऐकताना मी मनात चपापले. धर्मशिक्षणाचा डिप्लोमा करताना आशा या विषयावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. पण आजारी मुलाच्या आईपुढं उभं राहून आपल्यातले किती जण “प्रार्थना करा, चालेल” असं सहज म्हणून मोकळे होतो! मी प्रार्थनेला कमी लेखत नाही, मी रोज प्रार्थना करते. पण त्या आईचा हात धरून पुढचा एक महिना तिच्यासोबत काढायची आपली तयारी नसेल, तर आपलं ते वाक्य तिच्या डोक्यावरचं ओझं वाढवतं. मूल चालत नाही, आणि आता वर तिचा विश्वासही कमी ठरतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाला पाहून पाप कोणाचं असा प्रश्न केला होता. प्रभूनं ना त्याला दोषी धरलं, ना त्याच्या आईबापांना. आपल्या मंडळ्यांत तो प्रश्न अजून संपलेला नाही. फक्त आपण तो कुजबुजून विचारतो.

आता मुख्य गोष्टीकडं येते.

मी बसले होते त्याच दिवशी एक बाई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. सातपुड्यातली काही कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला नाशिककडं येतात, त्यातली. मुलगा कपड्यात आडवा गुंडाळलेला. नोंदवहीत आधीच्या कुणीतरी लिहिलेलं होतं: तीन महिन्यांत दोनदाच आले, घरी व्यायाम करत नाहीत, पालक सहकार्य करत नाहीत. मराठीत तिला विचारलं तर ती प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होती. “व्यायाम करता का?” मान डोलवली. “रोज तीन वेळा?” मान डोलवली. तेवढ्यात मूल कुरकुरलं आणि ती त्याला हळूच काहीतरी बोलली. आमच्या मुलीनं वही खाली ठेवली. ती बाई पावरीत बोलली होती.

पुढची वीस मिनिटं त्या दोघी बोलत होत्या आणि बाकी आम्ही सगळे पाहत होतो. माझी पावरी सोळा वर्षांनंतरही बाजारापुरतीच आहे, त्यामुळं निम्मं मलाही नंतर कळलं. ते असं होतं. केंद्रात यायचं म्हणजे नवराबायको दोघांचा खाडा, कारण बसमधून या मुलाला एकटीनं आणता येत नाही. मुकादमाची उचल अंगावर असल्यानं खाडा परवडत नाही. व्यायाम गादीवर करायला सांगितले होते. त्यांची झोपडी ताडपत्रीची, जमीन उंचसखल आणि रात्री ओल वर येते. भिंतीला टेकवून बसवा असं सांगितलं होतं, तर झोपडीला भिंतच नाही. शिवाय सांगितलेल्यातलं तिला फारसं कळलं नव्हतं. पण एवढ्या मोठ्या माणसांपुढं कळलं नाही असं कसं म्हणायचं? म्हणून ती मान डोलवत होती. पाचवीच्या वर्गातल्या आमच्या मुलीसारखीच.

मॅडमनी ते सगळं ऐकून घेतलं. मग स्वतः पेन काढून नोंदवहीतल्या त्या वाक्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: आम्ही दिलेल्या सूचना या घरात करता येण्यासारख्या नव्हत्या. त्यांच्याविषयी मला तेव्हा फार आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मॅडमची परवानगी घेऊन, उपासना आटोपून आम्ही दोघी त्या बागेवर गेलो. वाटलं होतं, आता ही सामान मागवेल. ती आधी अर्धा तास नुसती बसून राहिली, आई काय काय करते ते पाहत. मग म्हणाली, “ताई, हिला वेगळा वेळ काढून काही करणं जमणारच नाही. ती दिवसभर जे करते त्यातच बसवावं लागेल.”

पहिली गोष्ट, उचलण्याची. आजारी पोर म्हणून आई त्याला दोन्ही हातांवर आडवं घ्यायची. तसं घेतलं की पाय एकमेकांवर आवळलेलेच राहतात. तिनं त्याला आईच्या कडेवर बसवलं, एक पाय पुढं, एक मागं, जसं आपण कुठलंही धडधाकट मूल घेतो तसं. आवळलेले पाय आपोआप फाकतात, पाठ सरळ होते, मान वर येते, आणि मुलाला जग उभं दिसतं. दिवसातून वीस वेळा आई त्याला उचलते. म्हणजे वीस वेळा व्यायाम झाला.

दुसरी, बसण्याची. तिथं द्राक्षं भरायची प्लास्टिकची क्रेट पडली होती. एक पालथं घालून त्यावर गोणपाट, पाठीमागं झोपडीचा खांब, पाय टेकायला खाली वीट, गुडघ्यांच्या मध्ये फडक्याची घट्ट वळकटी. दुसरं क्रेट पुढं, टेबलासारखं. त्यावर तिनं एक कांदा ठेवला. मुलगा त्या कांद्याकडं बराच वेळ पाहत राहिला. मग मूठ तशीच मिटलेली ठेवून त्यानं हात पुढं सरकवला आणि कांदा खाली पाडला. बाप हसला. तो कांदा त्यानं पुन्हा ठेवला, पोरानं पुन्हा पाडला. हा खेळ पंधरा मिनिटं चालला आणि कुणालाही तो व्यायाम वाटला नाही.

तिसरी, उभं राहण्याची. बापानं कुदळीनं मऊ मातीत मुलाच्या गुडघ्यांपर्यंतचा छोटा खड्डा केला. मुलाला त्यात उभं करून भोवती माती सैल भरली, पुढं क्रेट दिलं. माती पाय धरून ठेवते आणि कमरेला आईचा एक हात पुरतो. ही आमच्या मुलीची कल्पना नव्हे. डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतल्या खेड्यांच्या अनुभवावरून खेड्यातल्या अपंग मुलांसाठी एक मोठं सचित्र पुस्तक लिहिलं, ते 1987 साली निघालं. त्यात मातीचे खड्डे, बांबूचे दांडे, टायरचे झोके अशा पुष्कळ गोष्टी चित्रांसह आहेत. केंद्राच्या कपाटात ते पुस्तक होतं. आमच्या मुलीनं ते उघडलं आणि तिला आपला पाडा दिसला.

त्या कुटुंबाला तिनं एकच वायदा मागितला. महिन्यातून एकदा या, आणि येता आलं नाही तर फोन करा, पावरीत. सहा आठवडे संपेपर्यंत ते तीनदा आले. मुलगा अजून चालत नाही. तो क्रेटवर आधारानं बसून भाकरीचा तुकडा स्वतः तोंडात घालतो. मॅडमनी ठरवलेल्या एका महिन्याच्या कामापेक्षा हे थोडं जास्तच झालं.

परतीच्या बसमध्ये मला झोप आली नाही. नोंदवहीतलं ते वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या अक्षरात वाचलं होतं, पण ते माझंच होतं.

सात वर्षांपूर्वी आमच्या कामाच्या भागातल्या एका पाड्यावर चार वर्षांची एक मुलगी होती. हाच आजार. मी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं, तपासणी झाली, व्यायाम सांगितले गेले, पुढची तारीख पडली. नंतर एका शिबिरात तिला चाकाची खुर्ची मिळाली. त्या खुर्चीबरोबरचा फोटो आपल्या वार्तापत्रासाठी मीच काढला होता. पुढच्या वर्षी गेले तर खुर्चीत मक्याची कणसं भरलेली, आणि मुलगी घरात खाली निजलेली. मला संताप आला. मी तिच्या आईला बोलले, लोकांनी एवढं दिलं आणि तुम्हाला त्याची किंमत नाही. परत येऊन फाइलमध्ये लिहिलं: पालक सहकार्य करत नाहीत. आणि फाइल बंद केली. त्यानंतर त्या घरात मी पाऊल टाकलं नाही.

होळीला आमची विद्यार्थिनी रजेवर घरी आली, तेव्हा मी तिला ती फाइल दाखवली. तिनं वाचली, काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, “उद्या जाऊ.”

जीप जाते तिथून पुढं सव्वा तास पायवाट आहे. मोहाची फुलं पडायला लागली होती, बायका पहाटेपासून ती वेचत होत्या. वाटेत एका चढावर थांबून तिनं मला विचारलं, “ताई, ती खुर्ची इथून वर कशी नेली होती?” मी म्हटलं, तिच्या बापानं खांद्यावर. “आणि इथं ती चालवायची कुठं?” मी गप्प झाले. सात वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. गुडघे आणि कंबर आखडून पक्की झाली आहेत. आजी तिला निजल्या निजल्याच भरवत होती, त्यामुळं घास श्वासनळीकडं जायचा. दर पावसाळ्यात छाती भरायची. दोनदा तिला बांबूच्या झोळीतून चार माणसांनी खाली रस्त्यापर्यंत आणलं होतं. मार्काच्या शुभवर्तमानात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी उचलून आणलं आणि छप्पर उघडून खाली सोडलं, ही गोष्ट मी या पाड्यांवर कितीदा तरी सांगितली आहे. ते चौघं माझ्या समोर राहत होते, आणि त्यांच्याच घराविषयी मी लिहिलं होतं की हे सहकार्य करत नाहीत.

मी आईची क्षमा मागितली. ती फार काही बोलली नाही. म्हणाली, “पुढची तारीख दिली तेव्हा आम्ही उसाला होतो. तुम्ही विचारलं नाही.”

आमच्या मुलीनं पायांना हात लावून पाहिला आणि खरं ते सांगितलं. हे सांधे आता हातानं सरळ होणार नाहीत, आणि कुणी जोर लावू नका, अशा मुलांची हाडं नाजूक असतात. मग ती आजीच्या मागं बसली. आजीच्या छातीला मुलीची पाठ टेकवली, मान मागं पडू न देता किंचित पुढं घेतली, छोटा घास दिला, गिळेपर्यंत थांबायला लावलं. मुलगी ठसकली नाही. दुसरा घास. तिसरा. आजी कुणाशी न बोलता मोजत होती. सात घास झाले.

मुलीच्या बापाचा हात बांबूकामात चांगला आहे. आमच्या मुलीनं काडीनं जमिनीवर मापं काढून दिली. त्यानं होळीच्या आत तिच्या कंबर-गुडघ्यांच्या वाकाला जुळेल अशी एक टेकायची बैठक बांधली. त्या होळीला ती दारात बसली होती, आत नव्हती. ढोल जवळ आला तेव्हा ती ओरडली. आई घाबरली नाही, कारण तो आनंदाचा आवाज होता. खुर्चीत मका अजूनही आहे. आता मला त्याचं काही वाटत नाही, मका ठेवायलाही जागा लागतेच.

ती मुलगी चार वर्षांची असताना मी खाली बसून विचारलं असतं, तर आज तिचे गुडघे कदाचित इतके आखडले नसते. मी हे ओझं तुमच्यावर टाकत नाही. पण तुम्ही दान देता आणि आम्ही ते खर्च करतो, म्हणून ते कसं खर्च व्हावं यासाठी तीन गोष्टी मागते.

पहिली. आम्हाला खुर्च्या आणि यंत्रं कमी द्या. माप न घेता दिलेली खुर्ची मुलाची पाठ बिघडवू शकते. त्याऐवजी प्रवासाचं भाडं आणि बुडालेली मजुरी देता येईल असा छोटा निधी द्या. उपचार सरकारी रुग्णालयात मिळतो, पण तिथवर पोचणं आमच्या लोकांना महाग पडतं. बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ‘निरामय’ आरोग्य विमाही आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा. हे सगळं आहे. दार कुठं आहे ते दाखवणारा आणि तिथवर सोबत येणारा माणूस हवा आहे.

दुसरी. प्रत्येक दोन-तीन पाड्यांमागं एक आई किंवा एक ताई आम्हाला तयार करायची आहे, त्यांच्याच बोलीत. चार महिन्यांचं बाळ मान धरत नाही, नऊ महिन्यांचं बसत नाही, दीड वर्षाचं चालत नाही, पाय कात्रीसारखे येतात, मूठ उघडत नाही, एवढं तिला ओळखता आलं पाहिजे. वाकड्या पायानं जन्मलेल्या बाळाला पहिल्याच आठवड्यांत दवाखान्यात नेलं पाहिजे. त्याला दर आठवड्याला एक अशी साधारण पाच-सहा प्लास्टरं लागतात, बहुतेक वेळा टाचेजवळ एक छोटा छेद, आणि मग खास बूट, पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि पुढं चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना. ते बूट महिन्याभरात सुटले की पाय पुन्हा वाकडा होतो. म्हणून जवळ राहणारी, आठवण करून देणारी बाई हवी. तिच्या मानधनासाठी मी तुमच्यापुढं पदर पसरते आहे.

तिसरी गोष्ट पैशाची नाही. मला सकाळपासून सात-आठ जणांनी विचारलं, “ती मुलगी आता आपल्याकडंच काम करणार ना?” मी ते तिला विचारलं आहे. तिच्या डोक्यावर धाकट्या दोन भावांचं शिक्षण आहे, आणि शहरात तिला चांगली नोकरी मिळू शकते. तिनं मला सांगितलं, “ताई, महिन्यातून चार दिवस मी नक्की येईन. पण मी एकटी आले तर माझ्यानंतर पुन्हा सगळं बंद पडेल. आधी पाड्यावरच्या बायका शिकू द्या.” आपण तिला शिकवलं म्हणून ती आपली झाली, असं समजू नका. तिच्यासाठी प्रार्थना करा, आणि तिला तिचा निर्णय घेऊ द्या.

ती बंद केलेली फाइल मी पुन्हा उघडली आहे. ते वाक्य खोडलेलं नाही, तसंच ठेवलं आहे, नव्यानं कामाला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायला. त्याच्याखाली होळीच्या आठवड्याची तारीख घालून लिहिलं आहे: आजीनं बसवून सात घास भरवले. पुढची भेट पंधरा दिवसांनी. त्या भेटीला मी गेले. त्यानंतरच्याही.

पुढच्या वर्षी कुणी सोबत येणार असेल तर होळीच्या आधी या. चालायची तयारी ठेवा, वाट सव्वा तासाची आहे.